गॅलरीतलं हळदी-कुंकू

उजवा तळहात कानामागं धरायचा, मान थोडी तिरकी करायची, आणि समोरच्याकडे अशा नजरेनं बघायचं की त्याला वाटावं आपणच काहीतरी कमी केलं. मग म्हणायचं, "आवाज न्हाय आला."

आक्कांनी मला हे पहिल्यांदा ऐकवलं ते स्टेडियमच्या बायकांच्या गेटवर. मी त्यांना "नमस्कार, आपलं स्वागत आहे" असं म्हणत होते. तिसऱ्यांदाही आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड सरळ हातात घेतलं, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि सोडून दिलं.

"इंग्लिश हाय. काय लिवलंय?"

"व्हिजिटर एक्सपीरियन्स असोसिएट."

"म्हंजे?"

हे मराठीत कुणाला सांगायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मुलाखत इंग्रजीत झाली होती, प्रशिक्षण इंग्रजीत झालं होतं, आणि मुळात मी कुणाशी फारसं बोलतच नसे. मी जुळवाजुळव करत म्हटलं, "म्हणजे... आलेल्या लोकांना इथं बरं वाटलं की नाही, ते बघायचं."

"मग बघ की," आक्का म्हणाल्या. "संडासाला कुलूप हाय."

एवढं बोलून त्या गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या चढून गेल्या. मी चावी शोधायला निघाले. चावी पहारेकऱ्याकडे नव्हती, ऑफिसात नव्हती. ती पुरुषांच्या गेटवरच्या माणसाच्या खिशात निघाली. बायका येत नाहीत, मग उघडून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. ती चावी मी माझ्या कार्डाच्या फितीतच ओवली. आजही ती माझ्या गळ्यात असते.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर मला फार सांगायला नको. नसाल तर एवढं लक्षात ठेवा, की आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. शिवाजी पेठेची माणसं एका बाजूच्या गॅलरीत बसतात, मंगळवार पेठेची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये बायकांची एक लहानशी गॅलरी आहे. ती जवळजवळ नेहमी रिकामी असायची. एखाद्या खेळाडूची बहीण, कॉलेजच्या दोन-तीन मुली, आणि आक्का.

आक्कांचं माहेर मंगळवार पेठ आणि सासर शिवाजी पेठ. या दोन संघांची मॅच असली की त्या मधल्या जिन्याच्या पायरीवर बसत, खाली गोणपाटाची चौकोनी घडी घालून. तिथून दोन्ही बाजू सारख्याच लांब. पहिल्या हाफमध्ये त्या सासरच्या बाजूनं ओरडत, दुसऱ्या हाफमध्ये माहेरच्या. हाफटाइमला उठून गोणपाट झटकायचं आणि तोंड फिरवून बसायचं. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता आणि स्वतःच्या नियमाला त्या फार कडक होत्या. एकदा सासरच्यांनी दुसऱ्या हाफमध्ये सुंदर गोल केला. आक्कांनी ओठ गच्च मिटून घेतले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आक्का, टाळी तरी वाजवा," मी म्हटलं.

"आता न्हाय वाजवता येत. मगाशी करायचा हुता त्यांनी."

त्यांच्या गळ्यात भर दुपारीही एक तपकिरी पट्ट्यांचा पुरुषी मफलर असायचा. तो त्यांच्या मालकांचा. मालकांनी जन्मभर एकही मॅच चुकवली नाही, आणि आक्कांनी जन्मभर त्यांना खिसा भरून चिरमुरे-शेंगदाणे दिले. स्वतः कधी आल्या नाहीत. घर स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. चुलीपुढं बसल्या बसल्या गलका ऐकू यायचा.

"ऐकून ऐकून सगळं कळायचं बघ मला," त्या म्हणाल्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आक्काही तशाच. "शिवाजी पेठंनं गोल केला की आवाज एकदम फुटायचा. मंगळवारचा जरा लांबनं यायचा, घुमत. ह्यांनी घरात पाय ठेवायच्या आधी मी सांगायचो, आज हरलासा न्हवं? ते म्हणायचे, तुला कोण सांगून गेलं? पण एक हाय. त्या आवाजात सगळी गडीमाणसंच. बाईचा आवाज कदी आला न्हाय."

मालक गेल्यानंतरच्या हंगामात मॅचचा गलका सुरू झाला आणि त्यांना घरात बसवेना. चिरमुरे कुणाच्या खिशात घालायचे? मग मफलर गुंडाळला आणि स्वतःच आल्या.

आमचे साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण रिकामी खुर्ची त्यांना बघवत नसे. त्या हंगामापासून स्टेडियमची व्यवस्था आमच्या कंपनीकडे होती. मॅचही आमच्याकडे आणि मधूनमधून होणारे गाण्यांचे कार्यक्रमही. मकर संक्रांतीच्या आधी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की बायकांची गॅलरी अशीच रिकामी राहिली तर तिथं सोफे टाकून जाहिरातदारांच्या पाहुण्यांची सोय करायची. बायकांना फुटबॉलची आवडच नाही, गाण्याला बघा कशा येतात.

हे मी आक्कांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला ठाऊक नाही; पण त्यांना विचारल्यावर खोटं बोलणं कठीण असे.

"गाण्याला येत्यात," आक्का म्हणाल्या, "कारण तवा तुम्ही संडास आणून ठेवताय, दिवे लावताय, आन घरातनं कोण अडवत न्हाय. मॅचला निघालो म्हटलं की सासू इचारती, तुझं काय काम तितं? ह्याला उत्तर पायजे."

मग त्यांनी मैदानाकडे बघितलं. मैदानावर कुणीच नव्हतं.

"हळदी-कुंकवाला निघालो म्हटलं तर कुठली सासू अडवती?" त्या म्हणाल्या.

आणि आक्कांनी खरंच गॅलरीत हळदी-कुंकू घातलं. संक्रांत ते रथसप्तमी आपल्याकडे घरोघरी असतंच. आक्का दारोदार आवतण द्यायला गेल्या: रविवारी, दुपारी, स्टेडियमला, बायकांच्या गेटनं. कुठलीही सासू "नाही" म्हणू शकली नाही. उलट काही सासवा स्वतःच आल्या.

पहिली अडचण गेटवर आली. रंग, गुलाल, कसलीही पावडर आत न्यायला मनाई आहे. जिंकल्यावर आमचे लोक काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. तपासणीला बसलेल्या ताईंनी आक्कांचा करंडा उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ही पावडरच आहे."

मागं बायकांची रांग लागली होती. काठापदराच्या साड्या, गजरे, कडेवर पोरं. मी नियमाचा कागद वाचल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हे... धार्मिक साहित्य आहे."

"आवाज न्हाय आला," करंडा धरून उभ्या असलेल्या आक्का म्हणाल्या.

"जाऊ द्या त्यांना!"

दुसरी अडचण आत आली, आणि ती मला आधी कळलीच नाही. आक्का करंडा उघडून उभ्या होत्या, पण बायका पुढे येत नव्हत्या. एक म्हातारी दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. आक्कांच्या स्वतःच्या कपाळावर काही नव्हतं. मालक गेल्यापासून त्यांना कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नव्हतं, आणि आता त्याच बोलावत होत्या.

आक्कांनी बहुतेक हे धरलेलंच होतं. त्यांनी करंडा माझ्या हातात दिला. "मी लावलेलं चालत न्हाय काय? मग ही पोरगी लावंल. आन पयलं मलाच लाव ग."

मी आयुष्यात कुणाला कुंकू लावलं नव्हतं. चिमूट जास्त झाली. थोडं त्यांच्या नाकावर सांडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पापण्या हलत होत्या. डोळे उघडले तेव्हा म्हणाल्या, "आता शिंकलो तर तुज्यावर नाव." आणि पहिली हसली ती कानात बोलणारी म्हातारीच. तिनं स्वतः पुढे येऊन आक्कांना हळद लावली. मग रांग लागली.

तिळगूळ झाला. आता वाण. आक्कांनी पिशवी उघडली. दर वर्षी प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटून बायकांना कंटाळा आला असेल, म्हणून त्यांनी वाण आणलं होतं शिट्ट्यांचं. लाल, पिवळ्या, हिरव्या, दोरी लावलेल्या. मला ती कल्पना इतकी आवडली, की नियमाच्या कागदात शिट्टी नाही याचा मला आनंदच झाला.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या मात्र कुणाच्याच आलं नाही.

मॅच नेमकी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेची. गोल कुणाचाच नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये शिवाजी पेठेचा नऊ नंबर एकटाच चेंडू घेऊन सुटला. समोर फक्त गोलकीपर. सगळं स्टेडियम उठून उभं. आणि गॅलरीतून खणखणीत शिट्टी वाजली.

नऊ नंबर थांबला. त्याला वाटलं पंचांनी ऑफसाइड दिला. त्यानं वैतागून हात वर केला, आणि गोलकीपरनं येऊन निवांतपणे चेंडू उचलला. पंच मात्र हातानं 'चालू द्या, चालू द्या' करत होते.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग दोन्ही बाजूंची हजारो डोकी हळूहळू आमच्याकडे वळली. आमच्यात एक आजी तिळगुळानं भरलेल्या तोंडात शिट्टी धरून बसल्या होत्या. "वाजतीया का बघाय गेलतो," त्या म्हणाल्या.

शेवटी मंगळवार पेठेनं गोल करून मॅच जिंकली. दुसरा हाफ होता, म्हणजे आक्कांच्या नियमानं माहेरचा. यावर शिवाजी पेठेची माणसं काय बोलली असतील!

"आक्का, सासरचं खाऊन माहेरला शिट्टी व्हय!"

"पुढच्या वर्षी आमाला बी बोलवा, चाळणी द्या एकेक!"

बायका खाली माना घालून गेल्या. घरी आक्कांचा पुतण्या त्यांच्याशी बोलेना. साहेबांनी मला बोलावलं आणि फारसं न रागावता सांगितलं, की पुढच्या मॅचला सोफ्यांचं माप घ्यायला माणूस येईल.

दुसऱ्या दिवशी आक्कांचा फोन आला. आवाज इतका बारीक की "आवाज नाही आला" असं मलाच म्हणावं लागलं.

"तालमीत जायचंय. संगं ये. एकटीला लाज वाटतीया."

आमच्याकडे पेठेचा संघ तालमीचाच असतो, पण तालमीत बायका आत जात नाहीत. आक्का उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या, हातात सगळ्या शिट्ट्या परत गोळा केलेली पिशवी. नऊ नंबर ओल्या डोक्यानं बाहेर आला. विशीचा असेल. आक्कांना बघून त्यानं घाईघाईनं शर्टाची बटणं लावली.

"बाळा, चूक झाली माझी," आक्का म्हणाल्या. "ह्या घे शिट्ट्या. इथून पुढं वाजणार न्हाईत."

"आक्का, पंचाची शिट्टी वळखाय नको व्हय मला? वाजल्याशिवाय थांबायचं न्हाय, वाजली तर पंचाकडं बघायचं. ल्हानपणापास्नं शिकवल्यालं हाय. मी बघितलंच न्हाय." त्यानं पिशवी घेतली, तिच्याशी चाळा करत उभा राहिला, आणि मग खाली बघत म्हणाला, "आक्का, एक काम कराल?"

"सांग की."

"आईला आणा की. तिनं मला खेळताना एकदा बी बघितल्यालं न्हाय. मी बोलवलं की म्हणती, बायकांनी कुठं यायचं. तुमी कुंकू लावून बोलवलासा तर येईल."

आक्कांनी मफलरचं टोक डोळ्यांना लावलं, मग तेच टोक त्याच्या ओल्या डोक्यावर फिरवलं आणि म्हणाल्या, "पुसून घे. सर्दी हुईल."

रथसप्तमी अजून व्हायची होती. आम्ही दोघी पुन्हा निघालो. आक्का पुढे आणि करंडा धरून मी मागे. या वेळी आक्कांनी दारं निवडली. दोन्ही पेठांतल्या खेळाडूंच्या आया. त्यांतल्या बहुतेकींनी पोराचे बूट धुतले होते, सुजलेल्या पायाला हळद लावली होती, पण मैदान बघितलं नव्हतं. काहीजणी मागच्या प्रकारामुळे नाखूश होत्या. शिवाजी पेठेतली एक म्हणाली, "आन परत आमच्यामुळं हरले तर?"

"मग माझ्या नावानं बोंबलू देत," आक्का म्हणाल्या. "तू पोरगं बघाय ये."

तरी त्या येतील की नाही याची आक्कांना खात्री नव्हती. पुढची मॅचही याच दोन पेठांची होती. त्या दिवशी आक्का गेटवर माझ्या शेजारी उभ्या होत्या, मफलरची टोकं पिरगळत. शिट्टी नाही, वाण नाही. नुसत्या मॅचला कोण येणार? मैदानावर संघ उतरले तरी रस्त्यावर कुणी दिसेना. माझी चावी मी उगाचच दोनदा तपासली.

मग वळणावरून पदर डोक्यावर घेतलेली एक बाई येताना दिसली. तिच्या मागं दुसरी. मग रस्ता रंगीत होत गेला.

नऊ नंबरची आई आक्कांच्या खालच्या पायरीवर बसली. पोराकडे चेंडू आला की ती पदरानं डोळे झाकायची आणि विचारायची, "पडला काय?"

"न्हाय पडला. बघ की."

"पाय कसं बारीक झाल्यात बघा त्याचं. सकाळी न्हाय खाल्लं नीट."

दोन्ही पेठांतल्या आया एकमेकींच्या पोरांचे पाय बघत होत्या. कुणी धडपडला की दोन्हींकडून एकदमच "आई गं!" यायचं. पेठ न बघता उठलेला तसला आवाज त्या स्टेडियमनं पूर्वी ऐकला असेल असं मला वाटत नाही.

तेवढ्यात साहेब आले. बरोबर माप घेणारा माणूस, हातात टेप. त्यांना जिन्यावर उभं राहायलाही जागा नव्हती. गोंगाटात साहेबांनी मला विचारलं, "ही पलीकडची बाजू तरी मोकळी आहे का?"

"जागा नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान पुढे केली. ऐकू गेलं नव्हतं. माझं लक्ष आक्कांकडे गेलं. त्यांचा तळहात कानामागं पोचलेला होता.

"जागा नाही!" मी ओरडले. मला हवं होतं त्यापेक्षा फारच मोठ्यानं. आसपासच्या बायका वळून बघायला लागल्या. आक्का शेजारणीला म्हणाल्या, "आला बघ आवाज."

साहेबांनी गॅलरीकडे एकदा बघितलं. मग त्या माणसाला म्हणाले, "टेप ठेवा आत." त्यानं टेप खिशात घातला आणि तो तिथंच कठड्याला टेकून मॅच बघत बसला. सोफे पुढे मुख्य इमारतीच्या गच्चीवर गेले. तिथून मैदान चांगलं दिसतं म्हणे.

नऊ नंबरनं गोल केला तेव्हा त्याची आई पायरीखाली गेलेली चप्पल शोधत होती. गलका झाला तशी ती दचकून वर आली. "झाला?"

"झाला!"

"परत करंल काय?"

केला नाही. पण त्यानं आमच्या गॅलरीकडे बघून हात वर केला, आणि या वेळी तिनं डोळे झाकले नव्हते.

ही गेल्या हंगामाची गोष्ट. यंदा आक्का नाहीत. गुडघे फार दुखायला लागले म्हणून लेकीनं त्यांना नाशिकला नेलं; तिथं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली आहे आणि आक्का रोज डॉक्टरांशी भांडतात. गोणपाटाची घडी त्या माझ्याकडे ठेवून गेल्या. मॅच असली की मी ती मधल्या पायरीवर अंथरते. तुम्ही कधी आलात तर बघा. गॅलरी कितीही भरली तरी तिथं कुणी बसत नाही. नवीन बाईला ठाऊक नसलं, तर नऊ नंबरची आई सांगते, "तितं नगं. हिकडं सरक."

परवा मॅच चालू असताना फोन वाजला.

"काय चाललंय ग?"

मी सांगत सुटले. दोन्ही पेठांची मॅच आहे, गॅलरी भरली आहे, नऊ नंबरला जरा लागलंय पण खेळतोय, आजी तिसऱ्या पायरीवर आहेत आणि शिट्टी आणलेली नाही, आत्ता कॉर्नर मिळालाय, गोलपुढं नुसती गर्दी झालीय... मी एवढी बोलत होते, की गेटवरच्या ताई माझ्याकडे बघायला लागल्या.

"ए," आक्का म्हणाल्या. "गप्प बस की जरा. तुझं न्हाय ऐकायचं मला."

मला कळलं. मी पायऱ्या चढून मधल्या जिन्यावर गेले, गोणपाटाशेजारी उभी राहिले आणि फोन धरलेला हात जितका वर जाईल तितका वर केला. कॉर्नर मारला गेला, चेंडू गर्दीवरून वळून जाळ्यात गेला, आणि सगळी गॅलरी उठली.

बऱ्याच वेळानं हात खाली घेतला. फोन चालूच होता.

"शिवाजी पेठ," आक्का म्हणाल्या. "न्हवं?"

"हो."

"व्हय. आन बायका हायत त्यात." मग म्हणाल्या, "धर परत वर."